फिटची गोळी बदलायची असेल तर

माझ्या धाकट्या भावाला पहिली फिट आली तेव्हा तो १७ वर्षांचा होता. आज तो ४१ वर्षांचा आहे. आई होती तोवर त्याच्या गोळ्या तीच बघायची. ती गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि आम्ही दोघं सिंहगड रोडला हिंगण्यात राहतो. त्याला दोन औषधं चालू आहेत, कार्बामॅझेपीन सीआर आणि लेव्हेटिरासिटाम, दोन्ही सकाळ-संध्याकाळ. दर महिन्याचं बिल बघून मला ओळखीतले लोक विचारतात, "अगं, जेनेरिक का घेत नाहीस? आणि घेतलं तर चालतं का?" चालतं. आम्ही अर्धं घेतलं आहे, अर्धं मुद्दाम घेतलेलं नाही. हे का आणि कसं केलं, ते सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातली एकही पायरी तुमच्या न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय उचलू नका.

आधी आमची फसगत सांगते, कारण सगळं शिकले ते तिथून.

जुलैचा महिना, धो धो पाऊस. नेहमीचं मेडिकल बंद होतं म्हणून मी दुसऱ्या दुकानात गेले. चिठ्ठी दाखवली. दुकानदार म्हणाला, "ताई, हा ब्रँड संपलाय. हे घ्या, औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी." मी पट्टीवर कार्बामॅझेपीन ४०० वाचलं, एक्सपायरी बघितली आणि पैसे देऊन निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भावाचा फोन आला. तो राजाराम पुलाच्या स्टॉपवर उभा होता. "ताई, मला बसचा नंबर दोन-दोन दिसतोय. पाय पण सरळ पडत नाहीयेत." शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तो प्यायलाय असं समजून मुलाला बाजूला ओढलं, हे त्याने मला संध्याकाळी सांगितलं. दुपारी तो ठीक झाला, म्हणून आम्ही ऊन-पावसावर ढकललं. चौथ्या दिवशी पहाटे त्याला फिट आली. १४ महिने एकही नव्हती.

डॉक्टरांनी जुनी आणि नवी पट्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मला म्हणाले, "वाचा." जुन्या पट्टीवर नावापुढे सीआर होतं, नव्या पट्टीवर नव्हतं. एवढाच फरक. सीआर म्हणजे सावकाश सुटणारी गोळी. ती औषध दिवसभर थोडं थोडं रक्तात सोडते. साधी गोळी तेच ४०० मिलिग्रॅम लवकर सोडते. म्हणून सकाळची गोळी घेतल्यावर काही तासांनी रक्तातलं प्रमाण एकदम वर गेलं आणि त्याला दोन-दोन दिसायला लागलं. रात्रीच्या गोळीचा जोर पहाटेपर्यंत ओसरला आणि फिट आली.

म्हणजे दोष स्वस्त गोळीचा नव्हता, महागाचाही नव्हता. ती नवी पट्टीसुद्धा नावाजलेल्या ब्रँडचीच होती. बदल झाला आणि तो आम्हाला कळला नाही, हे चुकलं. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की आहे: फिटच्या औषधात जो काही बदल करायचा तो ठरवून करायचा. नकळत झालेला बदल सगळ्यात वाईट.

पुढे मला कळलं की दुकानदाराला तसं करता येतच नाही. औषधं आणि सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या नियम ६५ मध्ये स्पष्ट आहे की शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध चिठ्ठीवर लिहिलं असेल तर त्याऐवजी दुसरं काही द्यायचं नाही, मग आतला घटक तोच असला तरी. ऑनलाइन औषधं मागवताना "याऐवजी हे स्वस्त घ्या" असं सुचवतात, तिथेही परस्पर हो म्हणू नका. जेनेरिक हवं असेल तर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून घ्यायचं. सरळ मार्ग तोच आहे.

आता जेनेरिक म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे या शब्दाचा फार घोळ होतो. लेव्हेटिरासिटाम हे औषधाचं नाव. त्याचा मूळ ब्रँड केप्रा. आपल्या काउंटरवर मिळतात ते लेव्हिपिल, लेव्हेरा हे मूळ कंपनीचे नाहीत, म्हणजे ती सुद्धा जेनेरिकच, फक्त त्यांना स्वतःचं नाव आहे. जनऔषधी केंद्र म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिकचं दुकान, तिथल्या पट्टीवर असं नाव नसतं, नुसतं औषधाचं नाव असतं. त्यामुळे पुण्यात "ब्रँडवरून जेनेरिकवर" जाणं म्हणजे बहुतेक वेळा एका कंपनीच्या जेनेरिकवरून दुसऱ्या कंपनीच्या जेनेरिकवर जाणं. हे कळलं की भीती निम्मी कमी होते. पण सावधपणा तेवढाच ठेवावा लागतो, कारण ब्रँडवरून ब्रँडवर जातानाही तोच धोका असतो.

पहिलं काम घरात बसून करायचं. सगळ्या पट्ट्या बाहेर काढा आणि एक कागद घ्या. ब्रँडचं नाव लिहू नका. औषधाचं नाव शोधा, ते हल्ली पट्टीवर ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात असायला हवं असा नियम आहे. ते नाव लिहा, मिलिग्रॅम लिहा आणि मग नावामागचं शेपूट लिहा: सीआर, ईआर, एक्सआर, एसआर, ओडी, क्रोनो, जे असेल ते. नसेल तर "साधी" असं लिहा. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत सोडियम व्हॅल्प्रोएट आहे की डायव्हॅल्प्रोएक्स तेही लिहा, दोन्ही एकाच कुळातली असली तरी आपल्या मनाने अदलाबदल करायची नाही. शेवटी निर्मात्याचं, म्हणजे "मॅन्युफॅक्चर्ड बाय" यापुढचं नाव लिहा. हे अगदी बारीक अक्षरात असतं, मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचते. पट्टीवर विकणाऱ्या कंपनीचं नाव मोठं असतं आणि बनवणारी कंपनी वेगळीच असू शकते. आपल्याला बनवणारी हवी.

आमचा तो कागद पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. त्याचा फोटो माझ्याकडे आणि भावाच्या पाकिटातही आहे.

सगळी औषधं बदलाच्या बाबतीत सारखी नाजूक नसतात. इंग्लंडच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली फिटच्या औषधांचे तीन गट केले. पहिल्या गटात फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन: यांत रुग्णाला एकाच कंपनीच्या गोळीवर ठेवा. दुसऱ्या गटात व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम, ऑक्सकार्बाझेपीन, टोपिरामेट वगैरे: रुग्ण बघून डॉक्टरांनी ठरवावं. तिसऱ्या गटात लेव्हेटिरासिटाम, लॅकोसामाइड, गॅबापेंटिन वगैरे: यांत सहसा कंपनी धरून बसायची गरज नाही. आपल्याकडे असा सरकारी गट नाही, पण डॉक्टरांशी बोलायला ही यादी फार उपयोगी पडते. आमचा निर्णय यावरच झाला. लेव्हेटिरासिटाम जनऔषधीचं, कार्बामॅझेपीन सीआर मात्र जुन्या कंपनीचंच.

फेनिटॉइन, म्हणजे बऱ्याच घरांत एप्टॉइन म्हणून ओळखलं जाणारं औषध, याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ते पचवण्याची लिव्हरची ताकद एका मर्यादेपर्यंतच असते. ती मर्यादा गाठली की डोस जरासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण भसकन वाढतं. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली नुसती भरणीची पावडर बदलली होती, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. औषध तेवढंच होतं. तरी ते शरीरात जास्त शोषलं जायला लागलं आणि बरेच रुग्ण तोल जाणं, अडखळत बोलणं अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात आले. तुमच्या घरात फेनिटॉइन चालू असेल आणि फिट थांबलेल्या असतील, तर ते बदलू नका असंच मी म्हणेन. ते मुळातच स्वस्त औषध आहे, बदलून फार काही वाचत नाही.

जेनेरिकला मंजुरी देताना त्याची मूळ औषधाशी तुलना करतात, त्यातला ८० ते १२५ टक्क्यांचा आकडा लोक मला ऐकवतात. "म्हणजे जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असू शकतं!" असा त्याचा अर्थ नाही. गोळीतलं औषध तितकंच असतं. रक्तात किती पोचतं याची तुलना अनेक निरोगी लोकांवर करतात, आणि सरासरीच्या खालीवर धरलेला अंदाजाचा संपूर्ण पट्टा ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी १०० च्या जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रक्तात पोचणाऱ्या एकूण औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. मी हिशेबातली बाई आहे, मला हे वाचून धीर आला. पण ते आकडे अमेरिकेचे. आपल्याकडे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांना, म्हणजे कार्बामॅझेपीन, फेनिटॉइन यांसारख्यांना, परवान्यासाठी ही चाचणी सक्तीची झाली ती २०१७ साली. लेव्हेटिरासिटाम पाण्यात सहज विरघळतं, म्हणून त्यात कंपनीमुळे फरक पडायची शक्यता मुळातच कमी. हेही डॉक्टरांनीच समजावलं.

डॉक्टरांकडे जाताना एकच वाक्य मनाशी धरून जा: "खर्च झेपत नाही, यातलं कोणतं औषध जेनेरिक करता येईल?" खर्चाचं बोलायला लाजू नका. मी वर्षभर लाजले आणि त्या वर्षात दोनदा भावाने मला न सांगता गोळ्या पुरवून खाल्ल्या, दोनऐवजी एक. त्यापेक्षा धोकादायक काही नाही. डॉक्टरांना हेही विचारा: एका वेळी एकच औषध बदलायचं ना? रक्ततपासणी करायची का? बदलल्यावर काही झालं तर फोन कुणाला करायचा? ज्यांच्या फिट पूर्ण थांबल्या आहेत आणि दिवसभर गाडी, यंत्र किंवा उंचावरचं काम आहे, किंवा घरात बाळंतपणाचा विचार आहे, त्यांनी ते आधीच सांगायचं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलींनी तर दिवस राहण्याआधीच बोलायला हवं, कारण त्या औषधाने बाळाला धोका असतो.

रक्ततपासणीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो. साधारण कार्बामॅझेपीन ४ ते १२, फेनिटॉइन १० ते २०, व्हॅल्प्रोएट ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असं धरतात. पण तुमचा माणूस बरा असताना त्याचा स्वतःचा आकडा किती होता, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून तपासणी बदलाच्या आधी एकदा आणि डॉक्टर सांगतील तितक्या आठवड्यांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये. लेव्हेटिरासिटामला सहसा याची गरज पडत नाही.

दुकान निवडताना मी आधी दोन महिने नुसती चौकशी केली. जनऔषधी केंद्रं "जनऔषधी सुगम" या अ‍ॅपवर सापडतात. किंमत ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के कमी असते असं सरकार सांगतं. आमचं लेव्हेटिरासिटामचं बिल निम्म्याच्या खाली आलं. पण किमतीआधी हे विचारा: "ही गोळी दर महिन्याला असते का?" एका केंद्रात मला दोन्ही खेपांना "पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळालं, म्हणून ते सोडून मी थोडं लांबचं धरलं. फिटची गोळी एक दिवसही संपून चालत नाही. आता घरात कायम दीड महिन्याचा साठा असतो, आणि नवी पट्टी मागे, जुनी पुढे.

वेळ निवडणं हा मोठा भाग आहे. आमचा भाऊ अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगचं काम करतो आणि गणपतीत रात्र-रात्र मिरवणूक बघायला थांबणारा माणूस आहे. अपुरी झोप हे फिटचं मोठं कारण. त्यामुळे गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, मुलांच्या परीक्षा, यांच्या आसपास बदल नको. आम्ही संक्रांत झाल्यावर केला. ताप, जुलाब चालू असतानाही नको. आणि श्रावणातल्या कडक उपासांच्या दिवसांत तर मुळीच नको.

प्रत्यक्ष बदल सोपा होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्रीची जुनी गोळी घेतली आणि सकाळी त्याच वेळी तितक्याच मिलिग्रॅमची नवी. काही औषधांत डॉक्टर वेगळं सांगू शकतात, ते ऐकायचं. दोन्ही कंपन्यांच्या पट्ट्या एका डब्यात ठेवायच्या नाहीत. नाहीतर घाईत दोन्ही घेतल्या जातात, किंवा एकही नाही. जुन्याची एक पट्टी वेगळ्या पाकिटात राखून ठेवली, तारीख घालून.

भावाची अडचण वेगळीच निघाली. जुनी गोळी पिवळी होती, नवी पांढरी. तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसला. "ताई, ही क्रोसिनसारखी दिसते." त्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून दोन्ही पट्ट्यांवरचं नाव त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. हे किरकोळ समजू नका. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की फिटच्या गोळीचा रंग बदलला की लोक औषध मध्येच सोडण्याचं प्रमाण वाढतं. गोळी ज्याला घ्यायची आहे त्यालाच ती ओळखता यायला हवी.

मग वही. साधी शाळेची. रोज एक ओळ: गोळीची वेळ, झोप किती, काही झालं का. "काही" म्हणजे फक्त मोठी फिट नव्हे. क्षणभर हरवल्यासारखं होणं, हाताला झटका बसून कप सांडणं, सकाळी जीभ चावलेली दिसणं, चक्कर, डबल दिसणं, जास्त झोप, अंगावर पुरळ. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, तीही लिहा. पण ती जुन्या गोळीवरही होती का, हे कळण्यासाठी वही बदलाच्या आधी महिनाभर सुरू करायला हवी. आम्ही केली होती, आणि मागे बघितलं तर चिडचिड तेव्हाही तितकीच होती.

किती दिवस थांबून "जमलं" म्हणायचं? ज्याला आठवड्याला फिट येते त्याचं महिन्याभरात कळतं. ज्याला वर्षातून दोनदा येते त्याचे दोन शांत आठवडे काहीच सांगत नाहीत. आम्ही तीन महिने भावाला दुचाकी दिली नाही, आणि त्याच्या मालकांशी बोलून त्याला कटिंग मशीनवरून शिलाईच्या टेबलावर बसवून घेतलं. मालकांनी समजून घेतलं, याचं मला फार बरं वाटलं.

मध्ये फिट आलीच, तर लगेच नव्या गोळीवर खापर फोडू नका आणि मनाने परतही जाऊ नका. आधी वही बघा: गोळी चुकली होती का, जागरण, ताप, उलटीत गोळी पडली का, दुसऱ्या डॉक्टरांनी काही दिलं का. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने कार्बामॅझेपीनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, काही अँटिबायोटिकने फिटची शक्यता वाढते. हे सगळं घेऊन डॉक्टरांना फोन करा. फिट चालू असताना माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा-चप्पल नाही, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन.

पावसाळ्याचं एक राहिलं. कार्बामॅझेपीनची गोळी दमट हवेत ओल धरते, कडक होते आणि मग पोटात नीट विरघळत नाही. तिची ताकद एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० साली दिला होता. व्हॅल्प्रोएटही ओल धरतं. म्हणून या गोळ्या आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत सोलून ठेवायच्या नाहीत, बाथरूमच्या कपाटात किंवा ओट्याजवळ नाहीत. पट्टीतच ठेवायच्या, घेताना फोडायच्या. सीआर गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

गेल्या जून महिन्यात केंद्रातून आणलेल्या पाकिटावर निर्मात्याचं नाव वेगळं होतं. जनऔषधीची खरेदी निविदेने होते, त्यामुळे बनवणारी कंपनी बदलू शकते. काउंटरवर मुलाला म्हटलं, "मागच्या कंपनीच्या पट्ट्या शिल्लक आहेत का रे?" त्याने आतून शोधून तीन काढून दिल्या. नवीन पट्टीचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांनी लिहिलं, लेव्हेटिरासिटाम आहे, चालेल, तारीख लिहून ठेवा. आधी त्या तीन पट्ट्या संपवल्या. मग नवी उघडली, तिच्यावर स्केचपेनने तारीख घातली, आणि वहीत त्या दिवसाच्या ओळीखाली लाल रेघ मारली.